डोहाच्या तोंडावरचा खुंट

ज्या वर्षी माझी नणंद डोक्यावर शिलाई मशीन घेऊन कायमची माहेरी आली, त्या वर्षी पर्वणी होती. सासरच्या घरातून तिनं दुसरं काही आणलं नाही. मामंजी ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "पाय कुठं टिकत नाहीत का गं तुझे?"

"आबा, आधी ओझं उतरवू द्या. मग पायांचं बघू," ती म्हणाली.

मी धावत जाऊन मशीनला हात दिला. मामंजी उठले नाहीत. पण त्यांच्या हातातला पीळ चुकला, आणि मामंजींचा पीळ कधी चुकत नसे.

नणंद माझ्याहून मोठी. मी तिला वन्सं म्हणायची, बाकी सगळं घर पाणकोंबडी म्हणायचं. लहानपणी तिला जेवायला बोलवायचं तर नदीकडे तोंड करून हाक मारावी लागे, असं माझे मालक सांगायचे. मी कोरड्या मुलखातली. लग्न होऊन आले तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर आलं की मी काठाकडे पळायची. वन्सं मला हाताला धरून पाण्यात न्यायची आणि म्हणायची, "वहिनी, नदी सासूसारखी असते. भ्यायचं, पण तिला दाखवायचं नाही."

आमचं घर काठावरचं शेवटचं. पुढच्या खोलीत दोरांची वेटोळी छतापर्यंत रचलेली, आढ्याला बांबू टांगलेले आणि सगळ्या घराला डांबराचा वास. एरवी आमची माणसं नावा चालवत आणि दोर वळत. पण घराचं खरं काम बारा वर्षांनी एकदा यायचं. पर्वणीला लाखो माणसं नदीत उतरतात. त्यांनी कुठवर जायचं आणि कुठं थांबायचं, ती हद्द पाण्यात खुंट ठोकून, दोर ओढून आखायची, हे ते काम.

ही हद्द का लागते हे सांगायचं तर नदीच सांगावी लागेल. आमच्या वरच्या अंगाला दोन नद्या मिळतात. एक डोंगरातून येते, थंड आणि हिरवट. दुसरी सपाटीवरून येते, कोमट आणि मातकट. मिळतात म्हणायचं, पण लगेच मिसळत नाहीत. बराच पल्ला दोघी शेजारी शेजारी वाहतात, न बोलणाऱ्या जावांसारख्या, मध्ये रेघ ठेवून. मग नदी वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चिकणमातीची उंच दरड आहे. पाणी तिच्यावर आदळतं, उलटं फिरतं आणि खाली खणत जातं. तिथं डोह आहे. त्याचा तळ ज्यांनी पाहिला ते सांगायला परत आले नाहीत. आतल्या अंगाला वाळू साचते, तिथून माणसं उतरतात. वाळू आणि डोह यांच्या मधोमध, पाण्याखाली, काळ्या कातळाचा पट्टा आहे, घराच्या उंबरठ्यासारखा. उंबरठ्यावर उभं राहिलं तर पाणी कमरेला. पलीकडे एक पाऊल टाकलं की डोह.

आता देवाची करणी अशी, की ते दोन रंग एकमेकांत मिसळतात ते नेमके त्या उंबरठ्यावर. आणि सगळं पुण्य तिथल्या बुडीला. वाळूवरच्या गुडघाभर पाण्यात कोणाला थांबायचं नसतं. जो तो पुढं सरकतो. मामंजी म्हणायचे, "पुण्याच्या आणि मरणाच्या घरामध्ये एकच भिंत आहे. ती भिंत म्हणजे आपला दोर."

बारा वर्षांत नदी तळ हलवते. त्यामुळे दर पर्वणीला तळ नव्यानं चाचपावा लागे. त्यासाठी एक लांब बांबू होता, टोकाला लोखंडी बोंडी बसवलेला. मामंजी तो तळावर आपटायचे आणि वरच्या टोकाला कान लावायचे. वाळूत बोंडी खस्सकन जायची, गाळात आवाजच नाही, आणि कातळावर ठण्ण. आधी वाळूतले खुंट ठोकून व्हायचे. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातला खुंट, उंबरठ्याच्या टोकाला, डोहाच्या अगदी तोंडावर. तिथं कातळात खुंट घुसत नाही, म्हणून भेग शोधायची, तिच्यात खुंट बसवायचा आणि बाजूनं पाचरी मारायच्या. सगळ्या खुंटांवरून फिरणारा दोर एकसलग असे आणि त्याचा सारा ताण या कोपऱ्यावर येई.

घराची एक रीत होती. कोपऱ्यातला खुंट ज्यानं ठोकला, त्यानं स्नान संपेपर्यंत त्याच्याशी उभं राहायचं. यात मान वगैरे काही नव्हता. खुंट सुटण्याआधी थरथरतो, आणि ते हात लावून उभ्या असलेल्या माणसालाच कळतं.

त्या वर्षी खुंट ठोकायचे होते माझ्या मालकांनी. पण नाव वर ओढताना ती घसरली आणि त्यांचं मनगट नावेखाली सापडलं. हात प्लास्टरमध्ये. मामंजींच्या गुडघ्यांत पाण्यात उभं राहून खुंटावर मोगरी मारण्याइतका जोर राहिला नव्हता. पर्वणीच्या आदल्या दिवशी सकाळी वन्सं ओचा खोचून पाण्यात उतरली. मामंजींनी कान लावून जागा सांगायची, तिनं ठोकायचं.

"मोगरी नीट धर. ही शिलाई नाही," मामंजी म्हणाले.

"शिलाईच आहे आबा. तुमची नदी उसवलीय, टाके घालतेय."

"सासरी घालायचे होतेस टाके."

"तिथलं कापडच कुजकं होतं."

नावेत बसलेले माझे मालक हसले आणि मामंजींनी डोळे वटारल्यावर प्लास्टरकडे बघत बसले. कोपऱ्यावर मामंजींनी बांबू आपटला. ठण्ण. थोडं सरकून पुन्हा. ठण्ण. मधे भेग लागली. "इथंच होती मागच्या वेळी," ते म्हणाले. वन्संनं खुंट बसवला, पाचरी मारल्या, आणि खुंटाला लोंबकळून दाखवलं. तो तसूभरही हलला नाही.

"बघा," ती म्हणाली, "हे एक तरी टिकलं."

 परत येताना मामंजींनी तिच्या हातातली मोगरी स्वतः घेतली.

दुपारी हत्यारं पुसून तेल लावायचं काम माझं. मी अंगणात बसून चाचपायचा बांबू मांडीवर घेतला आणि बोंडी फडक्यानं पुसली. फडकं पांढुरकं झालं. आमचा कातळ काळा. त्याच्यावर लोखंड घासलं की काळी भुकटी लागते, शाईसारखी. ही राखेच्या रंगाची होती, आणि बोटांत चोळली तर खरखरीत. असली भुकटी मी आमचं न्हाणीघर बांधताना गवंड्याच्या थापीवर पाहिली होती.

मी फडकं घेऊन वन्संकडे गेले. ती मशीनवर दोराची खोळ शिवत होती. तिनं फडकं पाहिलं, वास घेतला, आणि मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"वहिनी, आबांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. मी आधी बघून येते."

काठावर गेलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. पर्वणीला नदी भरलेली दिसावी म्हणून वरच्या धरणातून पाणी सोडतात, ते येऊन पोचलं होतं. वन्सं दोराला धरून कोपऱ्यापर्यंत गेली, दम भरला आणि खाली गेली. मी वाळूवर उभी. पाण्यावर तिचा बुडबुडाही दिसेना. एखादं माणूस पाण्याखाली असताना वरचं माणूसही श्वास घेत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती वर आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि थंडीनं ते असं होत नाही.

"वरचा जुना पूल पाडला ना," ती वाळूवर येऊन म्हणाली, "त्याचा तुकडा आहे. एवढी मोठी लादी, आपल्या ओट्याएवढी. पुरानं आणून टाकलीय. उंबरठ्याचं टोक तुटलंय वहिनी. त्या जागी ही लादी अडकलीय, एक कड कातळावर आणि बाकीची अधांतरी. मी खालून हात घातला. खालून पाणी जातंय."

"आणि खुंट?"

"कातळ आणि लादी यांच्या मधल्या फटीत. आबांना ती भेग वाटली. मलाही वाटली." तिनं ओला पदर पिळला. "माझाच खुंट पाचरीसारखा बसलाय. तोच लादीला धरून आहे की काय, कोण जाणे."

मामंजींना सांगितलं तेव्हा ते आधी भडकले. "या कानानं तीन पर्वण्या ऐकल्यात. कातळ आणि सिमेंट मला कळत नाही?" मग बांबू घेऊन नावेतून कोपऱ्यावर गेले. बराच वेळ बांबूला कान लावून ओणवे राहिले. परत आले. नाव बांधताना त्यांना गाठ बसेना. दोर वळणाऱ्या माणसाला गाठ बसेना, हे बघून मीच खाली वाकून ती बांधली.

आम्ही सगळे बंदोबस्तावरच्या फौजदारांकडे गेलो. वाळूवर पत्र्याची खोली उभारली होती, आत टेबल, फोन, कर्णे आणि हरवलेल्या दोन म्हाताऱ्या चहा पीत बसलेल्या. फौजदार तरुण होता. त्यानं वन्संचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग वर फोन लावला.

"पाणी आत्ता बंद करायला सांगितलंय," फोन ठेवून तो म्हणाला, "पण जे सुटलंय ते उद्या दुपारपर्यंत वाहत राहणार. आबा, खुंट काढून मागं घेता येईल?"

"साहेब, कोपऱ्यावर पाणी छातीला लागलंय. धारेत मोगरी चालत नाही. आणि तो खुंट काढला तर सगळा दोर सैल पडतो. लोक सकाळी उतरणार. सैल दोर म्हणजे नसलेला दोर."

"मग तो कोपराच बंद करू."

"लोकांना तिथंच जायचं असतं."

फौजदारानं कपाळ चोळलं. "माझी आई आलीय गावाहून," तो एकदम म्हणाला. "मीच बोलावलंय. म्हटलं, मी बंदोबस्ताला आहे, काळजी करू नको."

 हरवलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "चहात साखर कमी आहे." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

शेवटी ठरलं ते असं. खुंट आहे तसा ठेवायचा. आतल्या बाजूनं दुसरा दोर लावायचा, त्याला खुंट नाहीत, तर माणसं. सगळ्या नावाड्यांनी आणि त्यांच्या बायकांनी तो दोर कमरेला घेऊन पाण्यात ओळीनं उभं राहायचं आणि लादीवर कोणाला पाऊल ठेवू द्यायचं नाही. कोपऱ्यातल्या खुंटाशी मात्र कोणी तरी हवंच. तो थरथरला, की खूण करायची, म्हणजे फौजदार कर्ण्यावरून लोकांना हळूहळू मागं घेईल. ओरडायचं नाही. गर्दीत एक जण "पळा" म्हणाला तर पाण्यात मरतील त्याच्या कितीतरी पट वाळूवर तुडवून मरतील.

"खुंट मी ठोकलाय," वन्सं म्हणाली.

"जागा मी सांगितली," मामंजी म्हणाले.

"तुमचे गुडघे धारेत टिकणार आहेत का? मी उभी राहते. माझा लाल रुमाल खुंटावर दिसला की समजा."

मामंजींनी घरातला सगळ्यात चांगला दोर काढला, स्वतः वळलेला, आणि तो तिच्या कमरेला कसा बांधायचा ते माझ्या मालकांना पुन्हा पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, "आबा, मला येतं." मामंजी म्हणाले, "तुला नाव ओढायलाही येत होती." त्या रात्री घरात कोणाचा डोळा लागला नाही, आणि कोणी कोणाला तसं सांगितलंही नाही.

उजाडताना वाळू दिसत नव्हती, नुसती डोकी दिसत होती. कर्ण्यावर हरवलेल्या माणसांची वर्णनं चालली होती. मी दुसऱ्या दोरात होते, कोपऱ्याच्या सगळ्यात जवळ. दोर कमरेला, पाणी पोटाच्या वर, आणि पाण्याचा ओढा असा की पायाखालची वाळू सारखी निसटायची. वन्सं माझ्यापासून तीन-चार हातांवर, खुंटाला बिलगून. तिच्या कमरेचा दोर माझ्या मालकांच्या चांगल्या हाताला, ते मागं नावेत. मामंजी त्याच नावेत उभे, डोळे खुंटावर. तिच्या पायाखाली ती लादी होती आणि लादीखाली डोह. मला सारखं वाटत होतं, की आपण जोरात श्वास घेतला तरी ती कलंडेल.

सूर्य वर आला आणि लोक उतरले.

पहिली लाट आली तेव्हा दोरात उभ्या आम्हा सगळ्यांची कंबर काचली. लोक वाईट नव्हते. पुढच्याला मागचा ढकलतो आणि मागच्याला त्याच्या मागचा, इतकंच. पण प्रत्येकाला ते दोन रंग दिसत होते आणि प्रत्येकाला तिथंच जायचं होतं.

"ए बाई, सोड दोर," एक आजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "पुढच्या पर्वणीला मी काही असायची नाही."

"आजी, हेही त्याच नदीचं पाणी."

"मला शिकवू नकोस. हे मातकट आहे. मला मिसळलेलं पाहिजे."

तिच्या मागं आणखी दहा जणी. सगळ्या दोरावर ओणवल्या. मी वन्संकडे पाहिलं. तिनं एका हातानं खुंट धरला होता आणि दुसरा हात लांब केला. "वहिनी, आजींचा तांब्या दे इकडं."

तांब्या हातोहात तिच्याकडे गेला. तिनं रंग मिसळतात तिथलं पाणी भरलं आणि परत पाठवलं. मी ते आजींच्या डोक्यावर ओतलं. आजींनी डोळे मिटले आणि थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "झालं गं बाई, झालं." त्या वळल्या. त्यांच्या मागच्यांनी आपापले तांब्ये पुढं केले. मग तेच सुरू झालं. तांब्ये जात होते, भरून येत होते, माणसं डोकं भिजवून वळत होती. दोरावरचा भार उतरला. फौजदारानं ते पाहिलं आणि कर्ण्यावरून सांगायला लागला, की संगमाचं पाणी दोराशी मिळेल, पुढं जायची गरज नाही. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात एक दांडगा माणूस दोराखालून बुडी मारून पलीकडे गेला. त्याला तांब्यातलं पुण्य नको होतं. तो सरळ लादीवर जाऊन उभा राहिला आणि हात जोडून बुडी मारायला लागला.

खुंट थरथरला. मी हात लावून उभी नव्हते, तरी मला ते दिसलं. दोरावरून पाण्याचे थेंब उडाले. वन्संचा हात डोक्यावरच्या लाल रुमालाकडे गेला. गेला आणि थांबला. मागं वाळूवर डोक्यांचा समुद्र होता, त्याला मागं सरायला जागाच नव्हती. तिनं हात खाली घेतला, त्या माणसाच्या गळ्यातला पंचा धरला आणि हसत हसत म्हणाली, "दादा, घरी बायको वाट बघत असेल ना?"

"असेल. का?"

"मग तिला विधवा करू नका. चला मागं, हळू. नाचू नका."

तिच्या हसण्यात काय होतं कोण जाणे, पण तो मुकाट वळला. मी त्याला दोराखालून ओढून घेतलं.  वन्सं माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "वहिनी, लादी खचली. चार बोटं तरी."

"ये मागं. वन्सं, ये तू मागं."

"मी सोडलं तर दोर जाईल. भिऊ नकोस. आणि भ्यालीस तर दाखवू नकोस."

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी फक्त तिचे खांदे बघत होते. पाणी जरा वर दिसलं तरी वाटायचं, ती खाली चाललीय. तांब्ये येत होते, जात होते. फौजदाराची आई कोणती, ते मला कळलं नाही, पण कोणत्या तरी तांब्यातून तिच्याही डोक्यावर पाणी गेलं असेल.

उन्हं चांगली वर आली तशी गर्दी पातळ झाली. वाळू दिसायला लागली. कर्ण्यावरून सांगितलं, की मुहूर्त संपला. आम्ही दुसरा दोर सोडला. माझ्या कमरेला काळानिळा वळ उठला होता, तो पुढं कित्येक दिवस राहिला. मालकांनी वन्संला नावेत ओढून घेतलं, मागोमाग मीही चढले. वन्संचे ओठ जांभळे पडले होते, दात वाजत होते. मामंजींनी आपलं धोतर सोडून तिच्या खांद्यावर टाकलं आणि आखूड चड्डीवर उभे राहिले. एवढ्या लोकांत.

"आबा, लाज काढता," ती कशीबशी म्हणाली.

"तू काय कमी काढलीस," मामंजी म्हणाले. पण आवाज दुसराच होता. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती माहेरी आल्यापासून पहिल्यांदा.

बाकीचे खुंट नावाड्यांनी काढले. उरला कोपऱ्यातला. फौजदार पाण्याच्या कडेला येऊन म्हणाला, "राहू द्या आबा. पाणी उतरल्यावर काढू."

मामंजींनी वरच्या अंगाला बोट दाखवलं. परतीच्या माणसांनी भरलेल्या नावा सुटायला लागल्या होत्या. त्या वळणावर धारेतून खाली येतात आणि धार त्यांना उंबरठ्यावरूनच नेते. पाणी एवढं चढलं होतं, की खुंटाचं टोक जेमतेम वर होतं. थोड्या वेळानं तेही दिसलं नसतं. भरली नाव त्यावर बसली, तर फाटली असती, तीही डोहाच्या तोंडावर.

"मी जाते," वन्सं म्हणाली आणि उठायला गेली. तिचे पाय तिला झेलेनात. मी तिला घट्ट धरलं.

"बस खाली," मामंजी म्हणाले. "पुष्कळ उभी राहिलीस."

"मग थोडं थांबा. साहेब, नावा थांबवा."

फौजदार कर्ण्याकडे धावला. पण पहिली नाव सुटून धारेला लागली होती आणि तिला आता थांबता येणार नव्हतं. आत बायकापोरं बसलेली दिसत होती. मामंजींनी वन्संच्या कमरेचा दोर सोडून स्वतःच्या कमरेला बांधला. आता त्यांच्या हातांना गाठ एका दमात बसली. दोराचं टोक त्यांनी मालकांच्या चांगल्या हातात दिलं, आणि वन्संनंही ते धरलं, आणि मी तिच्या मागून.

मामंजी खुंटापाशी पोचले. पाणी त्यांच्या गळ्याला. त्यांनी पायानं पाचरी सैल केल्या, खुंटाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि वर ओढला. तो इतक्या सहज आला, की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी खुंट डोक्यावर धरून आम्हाला दाखवला. ते हसत होते. आणि तसेच, उभेच्या उभे, खाली गेले. लादी कलंडली त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पाणी एकदा फुगलं आणि फिरायला लागलं.

दोर ताठ झाला. आम्ही तिघांनी ओढला. मालकांचं प्लास्टर फुटलं. वन्सं किंचाळत नव्हती, नुसती ओढत होती. तिच्या तळहातांची कातडी दोराला लागून आली तरी तिनं सोडला नाही. दोर लादीखाली अडकला होता. माणूस ओढताना येतो तसा तो थोडाही येत नव्हता. घर ओढावं तसं ते होतं. बायकापोरांची नाव उंबरठ्यावरून नीट उतरली आणि पुढं गेली. आतल्या एकानं आम्हाला हात केला. त्याला वाटलं, आम्ही जाळं ओढतोय.

नावाड्यांनी बुड्या मारून दोर मोकळा केला तेव्हा दुपार टळत आली होती.

माझे सासरे त्या पर्वणीच्या दिवशी, मुहूर्त संपल्यावर आणि दुपार व्हायच्या आत गेले. त्या पर्वणीत त्या नदीत दुसरं कोणी गेलं नाही.